अर्ज भरायचा की माणूस घडवायचा?

मार्च महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी अमेरिकेतील हजारो घरांत कुटुंबे संगणकासमोर एकत्र बसतात. देशातील नामवंत विद्यापीठांचे प्रवेशाचे निकाल त्या दिवशी जाहीर होतात. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट आणि क्युपर्टिनो, न्यू जर्सीतील एडिसन अशा भारतीय वस्तीच्या गावांतील मराठी घरेही त्यांत असतात. मोजक्या घरांत आनंदाचा कल्लोळ होतो. बाकीच्या घरांत शांतता पसरते. २०२४ साली एकट्या हार्वर्ड विद्यापीठाकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि त्यांतून १,९३७ विद्यार्थी निवडले गेले, म्हणजे शंभरांत चारही नाहीत. न निवडल्या गेलेल्यांमध्ये वर्गात पहिले येणारे, गणित ऑलिंपियाडची तयारी करणारे, वाद्य वाजवणारे, वादविवाद गाजवणारे असंख्य होते. त्यांच्या घरांत त्या रात्री एकच प्रश्न विचारला जातो: "आपले कुठे कमी पडले?" सतरा वर्षांचे मूल त्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या निकषांत शोधत नाही, स्वतःत शोधते. खरी काळजी वाटावी ती येथे.

हा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे असे म्हणून आता सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांत आज अमेरिकेत भाचा, पुतणी किंवा नातवंड नसलेले घर शोधावे लागेल. पूर्वी अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी तिकडे जाण्याची रीत होती. आता बारावीनंतर थेट पदवीसाठीच अर्ज करणारी मुले पुण्या-मुंबईतही दिसतात. आणि आपल्याकडील प्रवेशाची दारेही हळूहळू त्याच दिशेने उघडू लागली आहेत. म्हणूनच ही पद्धत नेमकी काय आहे, तिच्यात घेण्यासारखे काय आणि टाळण्यासारखे काय, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

चार वर्षांचा हिशेब

आपल्याकडे अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशाचा निर्णय प्रामुख्याने एका परीक्षेवर होतो. अमेरिकेतील निवडक महाविद्यालये मात्र नववी ते बारावी या चारही वर्षांचा हिशेब मागतात. विद्यार्थ्याने कोणते विषय घेतले, ते कोणत्या पातळीवर घेतले आणि त्यांत काय मिळवले, हा त्या हिशेबाचा पहिला भाग.

तेथे एकाच विषयाचे साधे, प्रगत आणि महाविद्यालयीन तोडीचे असे स्तर असतात. शेवटच्या स्तरातील 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाचे अभ्यासक्रम १९५०च्या दशकापासून चालत आले आहेत. आज असे सुमारे चाळीस विषय असून मे महिन्यात त्यांची परीक्षा होते आणि एक ते पाच असे गुणांकन मिळते. शाळेचा समुपदेशक महाविद्यालयाला जो अहवाल पाठवतो, त्यात या मुलाने शाळेत उपलब्ध असलेला सर्वांत कठीण मार्ग निवडला की सोपा, हेही विचारलेले असते. सोपे विषय घेऊन मिळवलेल्या पैकीच्या पैकी गुणांना तेथे फारशी किंमत नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या शाळेत असे विषयच नाहीत तेथील मुलाचे मोजमाप त्याच्या शाळेच्या मर्यादेत केले जाते. यामागील न्यायबुद्धी मान्य केली पाहिजे.

गणिताचे उदाहरण घेतले म्हणजे नियोजनाचे महत्त्व ध्यानी येते. साधारण क्रमाने जाणाऱ्या मुलाने आठवीत बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केला, तर नववीत भूमिती, दहावीत बीजगणिताचा दुसरा भाग, अकरावीत प्री-कॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा मार्ग मोकळा होतो. आठवीत ते राहिले की पुढे एखादे वर्ष दुप्पट कष्ट करावे लागतात किंवा कॅल्क्युलसशिवाय शाळा संपते. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी शाळांनी २०१४ साली समानतेच्या नावाखाली आठवीतील बीजगणित काढून नववीत ढकलले. पालकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आणि अखेर २०२४ मध्ये ते आठवीत परत आणण्याचा निर्णय झाला. तेरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकातील एक ओळ सतराव्या वर्षी कोणते दार उघडेल हे ठरवू शकते, ही गोष्ट तेथील पालकांना ठाऊक होती.

दहा रकाने

हिशेबाचा दुसरा भाग वर्गाबाहेरच्या उपक्रमांचा. हजाराहून अधिक महाविद्यालये स्वीकारतात त्या सामायिक अर्जात उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. प्रत्येकात वर्णनासाठी जेमतेम दीडशे अक्षरे, शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे हे आकडे. जोडीला साडेसहाशे शब्दांपर्यंतचा एक आत्मपर निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रे. मूळ हेतू असा की, गुणपत्रिकेत न दिसणारा मुलगा या कागदांतून दिसावा. आजारी आजीची सेवा करणारी मुलगी, वडिलांच्या दुकानात संध्याकाळी बसणारा मुलगा, यांचेही कष्ट मोजले जावेत. हेतू म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु रकाने दहा आहेत असे कळताच ते दहाही भरलेच पाहिजेत अशी धांदल सुरू होते. नववीत पाऊल ठेवताच मुलाला रोबोटिक्सच्या गटात घातले जाते, वादविवाद मंडळात नाव नोंदवले जाते, व्हायोलिन असते, पोहणे असते, रविवारी रुग्णालयात स्वयंसेवा असते आणि सुटीत कुणा प्राध्यापकाकडे 'संशोधन' असते. कित्येक घरांत एखादी समाजसेवी संस्थाच मुलाच्या नावे स्थापन होते. संस्थापक सोळा वर्षांचा, कार्यवाह त्याची आई आणि कार्यकाल प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत! ज्या समाजात सेवा हे व्रत मानले गेले, ज्यांच्या आजी-आजोबांनी पूर-भूकंपाच्या वेळी कुठेही नाव न नोंदवता काम केले, त्यांच्या नातवंडांनी सेवेचे तास वहीत मांडून ठेवावेत, हा बदल अस्वस्थ करणारा आहे.

निकषांचा इतिहास

'समग्र व्यक्तिमत्त्व पाहून प्रवेश' ही कल्पना ऐकायला उदात्त वाटते. तिचा जन्म मात्र तितका उदात्त नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळत असे. स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील अभ्यासू मुले त्या परीक्षेत चमकू लागली आणि १९२२च्या सुमारास हार्वर्डमधील त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून अधिक झाले. तत्कालीन अध्यक्ष अॅबट लॉरेन्स लोवेल यांना ते खुपले. उघड मर्यादा घालण्याचा त्यांचा प्रस्ताव प्राध्यापकांनी मान्य केला नाही. मग काही वर्षांतच 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' हे निकष पुढे आले, ज्यांचा अर्थ ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाकडेच होता. ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे.

शंभर वर्षांनी तोच प्रश्न आशियाई वंशाच्या मुलांच्या वाट्याला आला. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात २०१८ साली न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीत असे दिसले की, अभ्यासात आणि उपक्रमांत पुढे असलेल्या आशियाई वंशाच्या अर्जदारांना 'व्यक्तिमत्त्वा'च्या गुणांकनात मात्र सरासरीने कमी लेखले जात होते. कनिष्ठ न्यायालयाने २०१९ मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२० मध्ये विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. तरीही अर्जदाराने आपल्या जीवनावर वंशाचा काय परिणाम झाला हे निबंधात लिहिण्यास, आणि ते विचारात घेण्यास, न्यायालयाने मोकळीक ठेवली आहे. व्यक्तिमत्त्वाचे मोजमाप संपलेले नाही आणि संपण्याची चिन्हेही नाहीत.

या काळात आणखी एक गोष्ट घडली, जिची वेदना खटल्याच्या निकालाने भरून येणारी नाही. अर्जात आपण 'फार आशियाई' दिसू नये असा सल्ला सल्लागारांनी द्यायचा आणि पालकांनी तो शुल्क भरून ऐकायचा, असे प्रकार अमेरिकन वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत राहिले. वंशाचा रकाना कोरा ठेवा, गणिताची आवड जरा झाका, सर्वांकडे असतात ती वाद्ये आणि स्पर्धा टाळा. ज्या मुलीने सात वर्षे मनापासून भरतनाट्यम् केले, तिने ते लिहावे की लपवावे याची चर्चा जेवणाच्या टेबलावर होते, तेव्हा तिच्या मनात काय उमटत असेल? आपले घर, आपली भाषा, आपली कला ही अडचण आहे, हेच. प्रवेश मिळाला तरी हा धडा ती सोबत घेऊन जाते. स्वत्व गहाण ठेवून मिळवलेली जागा महागच पडते.

बाजार उभा राहतो

जेथे निकष संदिग्ध असतात तेथे दलाल येतो, हा सार्वत्रिक नियम आहे. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्याने तो पुन्हा सिद्ध केला. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन विद्यापीठांच्या क्रीडा प्रशिक्षकांना लाच दिली, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून उभे केले, बनावट छायाचित्रेही तयार केली. २०२३ साली त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ही टोकाची गुन्हेगारी होती हे खरे. पण निबंध दुसऱ्याकडून 'घासून' घेणे, सुटीतील संशोधन विकत घेणे, ही तिचीच सभ्य भावंडे आहेत. सत्याशी केलेली पहिली तडजोड आई-वडिलांच्या देखत होते, किंबहुना त्यांच्याच आग्रहाने होते, हे त्यातील सर्वांत मोठे नुकसान.

विद्यापीठांनाही याची जाणीव झालेली दिसते. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने उपक्रमांच्या संख्येपेक्षा त्यांच्या सखोलतेला महत्त्व द्यावे असा आग्रह धरला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एमआयटी, आपल्या स्वतंत्र अर्जात दहाऐवजी मोजकेच उपक्रम मागते. महासाथीच्या काळात ऐच्छिक झालेली प्रमाणित परीक्षा एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राऊन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये पुन्हा अनिवार्य केली. सजवता न येणारा असा एक तरी कागद हवा, हे त्यांना उमगले असावे.

नियोजन कशाचे करावे?

मग पालकांनी हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. पण नियोजन कशाचे करायचे आणि कशाचे करायचे नाही, यातील भेद ओळखला पाहिजे. अभ्यासाच्या विषयांचे नियोजन पालकांनी आणि शिक्षकांनी काटेकोरपणे करावे. उपक्रम मात्र मुलांचे स्वतःचे असू द्यावेत.

विषयांच्या बाबतीत मुलाला दूरचे दिसत नाही, ते मोठ्यांनी पाहायचे असते. चारही वर्षे भाषा, गणित, विज्ञान, इतिहास आणि आणखी एक भाषा यांचा पाया भक्कम असावा. कठीण विषय घ्यावेत, पण झोप आणि खेळ शिल्लक राहतील इतकेच. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घ्यावी. आपल्याकडे नववी आणि अकरावी ही जणू विसाव्याची वर्षे समजली जातात. तिकडे मात्र नववीपासूनच्या गुणपत्रिका मागितल्या जातात. अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, बारावीची परीक्षा त्यानंतर होते. साहजिकच अकरावीच्या गुणांना आणि बारावीच्या अपेक्षित गुणांना मोठे वजन येते. शिफारसपत्र लिहायला मुलाला खरोखर ओळखणारा शिक्षक लागतो. जेथे अकरावी-बारावीचे नाव एका महाविद्यालयात आणि मुलगा दिवसभर शिकवणी वर्गात अशी सोय केलेली असते, तेथे ते पत्र लिहिणार कोण? परदेशी अर्ज बाजूला ठेवला तरी, सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्याला ओळखणारा एकही शिक्षक नाही, त्या मुलाने काय गमावले याचा विचार व्हायला हवा.

खर्चाचाही विचार प्रथमच करावा. परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक साहाय्य लागणार असेल तर अनेक महाविद्यालयांत तीच गोष्ट निवडीच्या आड येते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशा मोजक्या संस्थाच ती न पाहता निवड करतात आणि निवडलेल्याची गरज पूर्णपणे भागवतात. ही माहिती नववीत असेल तर बारावीत घर गहाण टाकण्याची वेळ येत नाही.

उपक्रमांची गोष्ट वेगळी. तेथे योजना आखली की त्यातील प्राण जातो. ज्या मुलाला आकाशदर्शनाचे वेड आहे त्याला गच्चीवर जागू द्यावे. जिला धावायला आवडते तिला धावू द्यावे, पदक मिळो वा न मिळो. दहा ठिकाणी तोंडदेखली हजेरी लावण्यापेक्षा दोन कामे चार वर्षे निष्ठेने केली, तर तेथे मैत्री होते, अपयश येते, जबाबदारी अंगावर पडते. आणि निबंधात लिहिण्याजोगे काही असेल तर ते यातूनच येते. अमेरिकेतील अनेक मराठी मंडळे चालवत असलेल्या मराठी शाळांत आठवड्याच्या सुटीला लहानग्यांना बाराखडी शिकवणारा सोळा वर्षांचा मुलगा हा कोणत्याही विकत घेतलेल्या संशोधनापेक्षा अधिक खरा आहे. त्याने ते काम अभिमानाने लिहावे. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून शालान्त प्रमाणपत्रावर द्विभाषा-प्रावीण्याची मोहोर उमटवण्यास आरंभ केला आणि आता अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांनी तिचे अनुकरण केले आहे. घरची भाषा ही ओझे नसून संपत्ती आहे, हे तेथील शासनाला उमगले. घरात मात्र मुलांशी मराठीत बोलायला संकोच वाटतो!

आपल्या दारातील प्रश्न

आता आपल्याकडे पाहू. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर यांमधील भिंती पाडण्याचा संकल्प केला आहे. आय.आय.टी. मद्रासने २०२४ पासून खेळातील आणि २०२५ पासून ललित कलांतील गुणवंतांसाठी काही अतिरिक्त जागा ठेवल्या. प्रवेश परीक्षेत पात्र ठरण्याची अट कायम ठेवून. एकाच परीक्षेच्या जात्यात भरडल्या जाणाऱ्या पिढीसाठी हे स्वागतार्ह आहे. ज्या व्यवस्थेत आठवीतच तबला बंद होतो आणि मैदान सुटते, तिची भलामण कोण करील?

पण अमेरिकेचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवूनच पुढे जायला हवे. त्याची चुणूक आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत क्रीडा, चित्रकला आणि शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळतात. या सवलतीने कित्येक खऱ्या कलावंतांना आधार दिला. त्याचबरोबर, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण होताच रंगांची पेटी कायमची माळ्यावर ठेवणारी मुलेही घरोघरी आहेत. गुण मिळाले, चित्र संपले. उद्या मोठ्या संस्थांचे प्रवेश उपक्रमांवर अवलंबून राहू लागले, तर नेतृत्वाचे शिकवणी वर्ग आणि समाजसेवेची घाऊक प्रमाणपत्रे निघायला वेळ लागणार नाही. म्हणून निकष स्पष्ट असावेत, जाहीर असावेत, तपासता येण्याजोगे असावेत. गावातल्या शाळेतील मुलालाही ते समजले पाहिजेत आणि गाठता आले पाहिजेत.

निकालानंतरची सकाळ

अमेरिकेतील बहुसंख्य महाविद्यालये अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना प्रवेश देतात. मूठभर नावांभोवती फिरणाऱ्या चर्चेत हे साधे सत्य हरवून जाते. मुलगा कोठे शिकला यापेक्षा तो तेथे काय शिकला, याला आयुष्यात अधिक अर्थ असतो. भारतातील साध्या जिल्हा महाविद्यालयांतून शिकून जगभर कर्तृत्व गाजवलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या परिचयात आहेत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ हीच या सर्व नियोजनाची खरी कसोटी. 'नाही' असे उत्तर आलेल्या मुलाने त्या सकाळी उठून आपले वाद्य हाती घेतले, आपल्या मराठी शाळेतील लहानग्यांना शिकवायला तो नेहमीप्रमाणे गेला, तर त्याची चार वर्षे वाया गेली नाहीत असे खुशाल समजावे. आणि 'हो' असे उत्तर आलेल्या मुलाने त्याच सकाळी ते सर्व सोडून दिले, तर मिळालेल्या यशाबद्दल आई-वडिलांनी क्षणभर थांबून विचार करावा. अर्ज एकदाच भरला जातो. ज्या स्वभावाने तो भरला, तो स्वभाव मात्र जन्मभर सोबत राहतो. त्याच्या घडणीची जबाबदारी घरानेच उचलायची असते. ती कोणत्याही सल्लागाराकडे सोपवता येत नाही.